फंक्शन हॉलमधला काळा पडदा

मित्रांनो, तुमच्या नखाएवढी मी एक जुनी चिप आहे. माझा जन्म वाळूतला. वाळू शुद्ध करून तिची आरशासारखी चकती घासली, तिच्यावर प्रकाशाने नक्षी उमटवली आणि माझ्या अंगात अब्जावधी सूक्ष्म बटणे तयार झाली. बटण चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. गाणे असो की नवरीच्या शालूचा रंग, मला सगळे या दोन आकड्यांतच कळते. मात्र प्रत्येक उघडझापीत थोडी उष्णता सुटते. ती घालवायला माझ्या डोक्यावर पंखा असतो.

मी ज्या संगणकात बसते, त्यावर चिक्कडपल्लीचा शशिकांत लग्नाच्या फिल्म बनवायचा. खरे काम त्याची भाची त्रिवेणी करायची, नाव मामाचे व्हायचे. पंख्याची धूळही तीच ब्रशने काढायची. मी मंदावले की मामा कॅबिनेटवर थापड मारायचा. एकदा गिऱ्हाइकासमोर तो तिच्यावरच डाफरला, "तुझ्या खुडबुडीनंच मशीन खराब झाली. यापुढं हात लावू नको."

"बरं, मामा."

तिने ब्रश पर्समध्ये टाकला. मीही मनात खूणगाठ बांधली.

धूळ साचत गेली. पुढे नल्लकुंट्याच्या एका फंक्शन हॉलमध्ये, एका लग्नात, मामाने मला नेले; त्रिवेणीही सोबत आली होती. पडद्यावर नवरा-नवरीची फिल्म सुरू झाली. "सगळं एकट्यानं केलंय मी," तो वऱ्हाडाला सांगत होता. इकडे पंखा अडला होता, मी तापत होते. फार तापले की जळू नये म्हणून स्वतःला बंद करायचे, ही सोय आमच्यात असतेच. एरवी मी आधी हळू चालून निभावून न्यायची. त्या दिवशी निभावले नाही. पडदा काळा झाला.

"त्रिवेणी, बघ ना जरा," मामा कुजबुजला.

ती ताटावरून उठली नाही. "हात लावू नको म्हनलात ना तुमी."

मामा गुडघ्यावर बसला. नव्या रुमालाने धूळ पुसता पुसता त्याचे तोंड काळे झाले. वऱ्हाड बघत राहिले. नवरदेवाच्या वडिलांनी त्रिवेणीला विचारले, "बेटा, फिल्म तुमने बनाई क्या?"

"हौ," ती म्हणाली. "थंडी होने दो, चालू होती."

पुढच्या दोन लग्नांची कामे तिलाच मिळाली. आता कोठीच्या बाजारात तिचे स्वतःचे दुकान आहे.

मी मामाकडेच आहे. आता तो दर रविवारी माझी धूळ झाडतो. तरी मी अधूनमधून जरा तापते. तो दचकून पंख्याकडे धावतो, आणि मला फार बरे वाटते. तेव्हा मित्रांनो, आमचा पंखा साफ ठेवा.