ब्लॅकहिलकने न विकलेला वळू

मी भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. ज्या माणसाचे उपकार माझ्याच्याने या जन्मी फिटायचे नाहीत, त्याला मी इथल्या, स्कॉटलंडातल्या, स्टर्लिंगच्या वळूबाजारात चारचौघांदेखत हावरट म्हटलं होतं. त्याचं नाव वॉल्टर गेडिस, पण पाद्री आणि डॉक्टर सोडून ते नाव कुणी वापरत नाही. त्याच्या शेताचं नाव ब्लॅकहिलक, म्हणून तोही ब्लॅकहिलक. त्याच न्यायाने बाजारात मी ड्रमफर्न. घरात तेवढी नेटा.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या वळूने माझ्या नवऱ्याला, अ‍ॅलिकला, गोठ्याच्या भिंतीशी दाबलं. कंबरेचं हाड आणि पाच बरगड्या मोडल्या. वळू खाटकाकडे गेला आणि अ‍ॅलिक अकरा आठवड्यांनी दोन काठ्यांवर घरी आला. जनावरांत पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा त्याने मुकाट मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? दुसऱ्या दिवशी उजाडताच अंथरूण रिकामं, आणि हा बाबा काठ्या टेकत गोठ्यात. रागावून पाहिलं, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, वळूशिवाय भागणार नव्हतं. डोंगरावर आमच्या सत्तर गाई, आणि मे महिन्यात त्यांच्यात वळू सोडला नाही तर पुढच्या वसंतात वासरं नाहीत. मी म्हटलं, गुरांचा डॉक्टर बोलावू, नळीने फळवू. अ‍ॅलिक म्हणाला, कुठली गाय कधी माजावर आली हे बघायला डोंगरभर तू पळणार का?  मग त्याने फेब्रुवारीच्या बाजाराची यादी मागवली, आठवडाभर सगळ्यांच्या वंशावळी वाचल्या आणि एकशेबारा नंबरभोवती पेन्सिलीने गोल काढला. ब्लॅकहिलकचा अँगस जातीचा वळू, आई नामांकित, बाप त्याहून नामांकित. हाच आण, म्हणाला. मी मनात एकच गोष्ट पक्की केली होती. अ‍ॅलिकला आता पळता येत नाही, तेव्हा माणसावर येणारं जनावर मी दारात आणणार नाही.

बाजारात सकाळपासून नुसती न्हाऊमाखू चाललेली. एरवी स्वतःच्या डोक्याला महिनोन्‌महिने कंगवा न लावणारे बाप्ये वळूंच्या शेपट्या विंचरत होते. मी प्रत्येक कप्प्यापाशी थांबून एकच प्रश्न विचारत होते, शांत आहे ना? उत्तरही एकच. अहो, कोकरू आहे कोकरू, माझी नात दोरी धरून फिरवते. त्या दिवशी स्टर्लिंगमध्ये वळूंपेक्षा नाती जास्त झाल्या होत्या.

ब्लॅकहिलकचा वळू पाहिला आणि अ‍ॅलिकच्या पेन्सिलीला दाद दिली. काळाभोर, पाठ टेबलासारखी सपाट. शांत आहे ना, मी विचारलं. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, अ‍ॅलिकची तब्येत विचारली आणि पुन्हा वळूचा खांदा घासायला लागला. उत्तर दिलंच नाही. आमच्याकडची माणसं तशीही शब्द मोजून देतात. चांगल्या मालाला जाहिरात कशाला, असा त्या गप्प राहण्याचा अर्थ मी लावला आणि मनात म्हटलं, हा एकटा खरा माणूस.

रिंगणात तो स्वतःच वळूला फिरवत होता. बोली चार हजार गिनीवर सुरू झाली; गिनी म्हणजे पौंडाहून जराशी जास्त, जनावरांचा बाजार अजून तिच्यातच बोलतो. पाच हजारांनंतर दोघंच उरलो, मी आणि समोरच्या बाजूला लाल मफलरवाला एक दक्षिणेकडचा मोठा शेतकरी. साडेसहा हजारांना मी यादी वर केली आणि मफलरवाल्याने मान फिरवली. लिलाववाल्याने हातोडा उचलून ब्लॅकहिलककडे पाहिलं, कारण मालक हो म्हणाला तरच हातोडा पडतो. म्हातारा माझ्या वर धरलेल्या हाताकडे बघत होता. त्याने नकारार्थी मान हलवली.

लिलाववाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू आलं नसेल. त्याने किंमत पुन्हा सांगितली. ब्लॅकहिलकने पुन्हा मान हलवली आणि वळूला घेऊन बाहेर गेला. माझे कान तापले. माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, म्हातारपणी हाव सुटते. ती गोष्ट मला पटली.

मी तशीच त्याच्या कप्प्यापाशी गेले. आजूबाजूला दहाबारा माणसं होती, ती ऐकत होती, मला त्याचं काही वाटलं नाही.

"हावरट आहात तुम्ही," मी म्हटलं. "साडेसहा हजार कमी पडले का? की बाईमाणसाला वळू देणं जिवावर आलं?"

त्याने वळूला दोन दोऱ्यांनी बांधलं, बाहेर येऊन फाटकाला कडी घातली, ती ओढून पाहिली. मग आवाज खाली आणून बोलला.

"जानेवारीत वैरण टाकत होतो, तर त्याने माझ्या छातीला डोकं लावून रेटलं. एकदाच. बादली हाणली तेव्हा मागं सरला. मी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. खेळतोय, असं आपलं मनाला समजावलं."

"मग बाजारात कशाला आणलात?"

"दोन वर्षं वाढवलाय गं. वाटलं, चार धडधाकट गडी असलेला कुणी मोठा शेतकरी घेईल. मग तुझा हात वर दिसला, आणि मला अ‍ॅलिक दिसायला लागला."

"आणि माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर?"

त्याने कडी पुन्हा ओढून पाहिली. "विकला असता," म्हणाला. "तुझ्याशी खोटं नाही बोलणार, पोरी."

माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. मी फाटकाला धरून उभी राहिले. साडेसहा हजार मोजून मी अ‍ॅलिकचं मरण घरी नेणार होते.

म्हाताऱ्याने मला धीर दिला नाही, ते त्याच्या स्वभावात नाही. चल, म्हणाला, आणि पुढे होऊन थेट मुंगो रेनीच्या कप्प्यापाशी नेऊन उभं केलं. ब्लॅकहिलक आणि मुंगो एकमेकांशी बोलत नाहीत हे अख्ख्या परगण्याला ठाऊक. प्रदर्शनातल्या एका बक्षिसावरून बिनसलं, त्याला अकरा वर्षं झाली होती.

"मुंगो, तुझा तो बुटका वळू हिला दाखव," ब्लॅकहिलक म्हणाला.

मुंगोने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का? तुझ्याच्यात काय खोट निघाली?"

तेवढ्यात मफलरवालाही येऊन ठेपला होता. रिंगणात नकार मिळाला की मागच्या बाजूला येऊन भाव वाढवायचा, ही इथली रीतच आहे. सात हजार, इथल्या इथे, असं तो म्हणाला. ब्लॅकहिलकच्या घरी त्याच आईची आणखी चार वासरं होती, आणि स्वभाव रक्तातून उतरतो हे इथे शेंबडं पोरही जाणतं; या वळूची खोड कळली की तीही कुणी घेणार नव्हतं. नुसतं नाही म्हणून त्याला गप्प बसता आलं असतं.

"तो माणसावर येतो," ब्लॅकहिलक सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "सोमवारी खाटकाकडे जाणार."

 अकरा वर्षं मुंगो अशाच संधीची वाट बघत असणार, पण त्याने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि मुकाट्याने फाटक उघडलं. मला म्हणाला, काठी न घेता आत जा. मी गेले. बुटक्याने माझा खिसा हुंगला, एक उसासा टाकला आणि रवंथ चालू ठेवला. मी त्याच्या कपाळाला हात लावला, पाठीमागून फिरून आले, मुद्दाम बादली आपटली. त्याने नुसता कान हलवला. दुपारी मी तो अडतीसशे गिनींना घेतला.

घरी अ‍ॅलिकने त्याला पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. हा वळू की पाय कापलेलं टेबल? मी झालं ते सांगितलं, तेव्हा तो खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. बुटक्याला नंतर कधी नावं ठेवली नाहीत.

मार्चमधली सकाळ होती. रात्री गोठलं होतं. मी दुधाच्या भांड्यांपाशी असताना अंगणात काठी पडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर अ‍ॅलिक वळूच्या कप्प्यात उताणा पडलेला, काठ्या दोन दिशांना, आणि बुटका त्याच्यावर मान खाली घालून उभा. मी धावले. वळूने अ‍ॅलिकचं तोंड हुंगलं आणि तसाच उभा राहिला. अ‍ॅलिकने त्याच्या मानेभोवती हात टाकला, घसरला, पुन्हा टाकला. मी फाटकापाशी पोचेपर्यंत तो त्या मानेला धरून उठून उभा होता आणि बुटका एक पाऊलही हलला नव्हता.

मी त्याला घरात आणलं, चहा दिला आणि सरळ फोनपाशी गेले.

"ब्लॅकहिलक, नेटा बोलतेय. अ‍ॅलिक आज पडला. वळूच्या पायाशी पडला."

 "मग?" त्याने कसंबसं विचारलं.

"मग काय, समोर बसून चहा पितोय. पाणचट झालाय म्हणून माझ्यावर ओरडतोय." मग मी म्हटलं, "तुमच्यामुळे ओरडतोय तो. देव तुमचं भलं करो."

 

"ओरडू दे, पोरी," म्हातारा म्हणाला. "ओरडू दे त्याला."