पाणी सोडलेली गाय

उद्धवराव गेले तेव्हा आमचा तालुका नुकताच दोन राज्यांत वाटला गेला होता. आमचं तलमडुगूकडचं गाव इकडं आंध्रात राहिलं आणि त्यांचं नाल्यापलीकडचं शेत किनवटसंगं मुंबई राज्यात गेलं. माणूस एक आणि शेतसारा भरायच्या तहसिली दोन. हे सगळं निस्तरायला उद्धवरावांनी जिवंतपणीच वामनकाकांना वसी नेमून ठेवलं होतं. वसी म्हणजे मेल्या माणसाचं देणंघेणं पुरं करून वसीयतनाम्याप्रमाणं ज्याचं त्याला देणारा.

काकांचं किराणा दुकान होतं. कीर्तनात मात्र ते पहिल्या ओळीत. मी कीर्तनकार भगवंतबुवांच्या मागं टाळ धरायचो, म्हणून मला समोरून दिसायचं. आख्यान रंगलं की काकांच्या डोळ्यांना धारा लागायच्या, आणि त्या पुसायचीही त्यांना लाज नसायची.

वसीयतनामा मोहरबंद करून तहसिलीत ठेवलेला होता. राज्यासंगं दप्तरांचीही वाटणी चालली होती, त्यामुळं तो काकांच्या हाती आला तेरावा होऊन महिना उलटल्यावर. तोवर मुलगा सुधाकररावनं बापाच्या नावानं घरची कपिला गाय भगवंतबुवांना दान दिली होती, रीतसर पाणी सोडून. गावानं वाहवा केली. मीही केली.

वसीयतनाम्यात लिहिलं होतं: कपिला गाय आणि परसातली खोली बयनाबाईला.

बयनाबाई उद्धवरावांची चुलतबहीण. कमी वयात विधवा होऊन आलेली, उभा जन्म त्या घराच्या चुलीपुढं गेलेला. गाय हातात आली असती तर दूध विकून ती स्वतःची भाकर खाणार होती. नाहीतर सुनेनं ताटात टाकावं तेवढं.

काकांनी सुधाकररावला बोलावलं तेव्हा मी दुकानातच होतो.

"काका, दान परत मागता का आता? बाप वैतरणीत अर्ध्यावर बुडंल ना माहा."

"बापानं गाय बहिणीला दिली होती, बापू. तूनं तेच जनावर दुसऱ्यांदा कसं दिलं?"

"मले काय ठाऊक होतं?"

"नव्हतं, म्हून तर तुले कोणी चोर म्हणून नाही राह्यलं."

"आत्याले दुसरी घेऊन देऊ. त्यात काय."

"तिच्या नावानं लिहिली ते कपिला. तिनं वासरापासून वाढवली. तुले दान द्यायचं तर तुझ्या हिश्श्यातून दे, मग ते तुझं पुण्य." काकांनी तराजूचं पारडं पुसलं. "आणि तुझा हिस्सा दोन्हीकडचा सारा भरल्यावर. आधी लोकांचं देणं, मग सरकार, मग वारस. काऊन घाई करून राह्यला?"

सुधाकरराव फणकारला, "दुकानदारच तुमी," आणि उठून गेला.

भगवंतबुवांचं गाव नाल्यापलीकडं. त्या एकादशीला त्यांच्या देवळात कीर्तन होतं. काका आणि मी पायी निघालो. ज्या पायांवर काकांनी आयुष्यभर डोकं ठेवलं, त्यांच्यापाशी गाय मागायची होती.

बुवांनी हरिश्चंद्र लावला. काय सांगितला म्हणून सांगू! डोंबाच्या घरी विकला गेलेला राजा असा उभा केला की माझे टाळ चुकले. काका मात्र त्या दिवशी कोरडे बसले होते.

आरती झाली, लोक पांगले, तेव्हा काकांनी पाय धरले आणि सांगितलं.

"वामनराव, आजवर कोणी माझ्या दारी दान परत मागायला आलं नाही."

"दान नाही मागत, महाराज. दुसऱ्याची गाय तुमच्या दावणीला आली, ते सांगायला आलो."

"मी पाणी घेतलंय हातावर."

"पाणी सुधाकररावचं. गाय बयनाबाईची."

मी खाली मान घातली. वाटलं, बुवा आता रागावतात. पण त्यांनी गळ्यातला हार काढला आणि एकदम हसू लागले.

"दोन तास घसा फोडून मी सत्य सांगितलं, आणि ते घेऊन तू माझ्याच गोठ्यात शिरला रे."

गाय तिथं व्याली होती. काका म्हणाले, वासरू गाईसंगं येईल, पण महिन्याच्या कडब्याचे पैसे घ्या आणि पावतीवर सही द्या. बुवांनी पैसे घेतले नाहीत. मग काकांनी तसंच लिहून घेतलं, की घेतले नाहीत म्हणून, आणि सही घेतली.

परतताना दोन राज्यांच्या हद्दीवरच्या नाक्यावर शिपायानं अडवलं. "गाय किसकी है?"

"बयनाबाई की," काका म्हणाले. दावं त्यांच्याच हातात होतं.

बयनाबाई परसात उभी होती. काकांनी शाईची डबी काढली. "आत्याबाई, मिळाली म्हणून अंगठा द्या."

"थांबा. मले वळखते का ते पाहू द्या आधी."

ती खाली बसली. कपिलेनं मान वळवून हुंगलं आणि पान्हा सोडला. बयनाबाई वर न बघता पिळत राहिली. चरवी भरत आली तरी उठेना.

मग तिनं तसाच ओला अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवला. नुसता डाग पडला. काकांनी तिला हात पुसायला लावला आणि अंगठा पुन्हा घेतला.