टॉवेलाखालची मुदत

परदेशी गिऱ्हाइकाचा फॉर्म एकवीस पानांचा होता आणि संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचा होता. एका टॉवेलामागे किती धूर हवेत जातो, ते ऑफिस सांभाळणाऱ्या आरजूनं लिहून टाकलं. 'कोळशाचा बॉयलर कोणत्या वर्षी बंद कराल?' या प्रश्नापाशी मात्र ती थांबली.

"दोन हजार सत्तर टाक की," शिवलिंगप्पा म्हणाले. टॉवेलाचं सूत रंगवणाऱ्या या डाइंगचे मालक तेच.

"सर, तेव्हा तुम्ही एकशेआठ वर्षांचे असाल."

"म्हणून तर. विचारायला कोण येतंय?"

बाहेर चव्वेचाळीस अंश होतं. ऑफिसातला एसी कण्हत होता.

शेवटच्या पानावर कामगार प्रतिनिधीची सही लागत होती. प्रतिनिधी धोंडीराम. माढ्याकडचा, बावीस वर्षं बॉयलरमध्ये कोळसा टाकणारा. गेल्या मंगळवारी भट्टीसमोरच कोसळला, सलाईनच्या दोन बाटल्या लागल्या. तो दवाखान्यात असतानाच त्याची बिनविरोध निवड झाली.

धोंडीराम आला आणि आधी एसीखाली उभा राहिला.

"कंचं साल लिवलंय, पोरी?"

"सत्तर, काका."

"मग मी सही करत न्हाय. डाक्टर म्हनलं, आता पडलास तर उटशीलच असं न्हाय. आन सत्तरपत्तूर ऊन थांबतंय व्हय, मालक? दर साली वाढतंयच की."

"बॉयलर गेला तर तुझं काम जाईल. कळतंय का?"

"कळतंय. जीव तर ऱ्हाईल."

मालकांनी घड्याळ पाहिलं. चार वीस. त्यांचे वडील बैलबाजारात दलाली करायचे, कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. त्यांनी टेबलावरचा नमुन्याचा टॉवेल उचलला, दोघांच्या हातांवर टाकला आणि खालून धोंडीरामचा पंजा धरला.

"तोंडानं बोलू नको. आकडा फुटला तर बाकीचे डाइंगवाले मला जगू देणार नाहीत. एक बोट, एक वर्ष."

आरजूला नुसता टॉवेल हलताना दिसत होता. धोंडीरामनं एकच बोट दाबलं असावं, कारण मालक ओरडले, "नवं मशीन काय मंडईत मिळतं का रे?" मधेच धोंडीरामनं हात काढला, नमुन्याच्या टॉवेलालाच तोंड पुसलं आणि हात परत आत घातला.

पावणेपाचला टॉवेल थांबला.

"चार," मालक म्हणाले. "दोन हजार तीस लिही."

पंचवीस मिनिटांत चाळीस वर्षं कमी झाली. हवामानाच्या मोठ्या परिषदांत एवढ्या वेळात चहा येतो.

धोंडीरामनं पेन घेतलं, पण टेकवलं नाही.

"चार म्हंजे चार उन्हाळे. ह्यो धरून का सोडून?"

मालकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं.

"धरून. कर सही."

आरजूनं तीसचं एकोणतीस केलं. धोंडीरामनं सही केली.

"आन मालक, ह्या उन्हाळ्यातल्या दुपारी? बारा ते चार?"

"ते फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

धोंडीराम मान हलवून गेला. मालक डोळ्यांवर पाण्याची घडी ठेवून खुर्चीत रेलले. शेवटच्या पानावर 'इतर माहिती' असा एक रिकामा रकाना होता. 'उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार बॉयलर बंद राहील, आजपासून,' असं आरजूनं त्यात लिहिलं आणि फॉर्म पाठवून दिला.

"गेला का?" डोळे न उघडता मालकांनी विचारलं.

"गेला, सर."

बॉयलरचं दार उघडल्याचा आवाज आला, मग फावड्याचा. सुट्टी व्हायला अजून तास होता.