आरनागचे पाणी पांढरे झाले तो दिवस

माझ्याकडे पाहून तुम्हाला वाटेल, ही टेनिसच्या रॅकेटची म्हातारी मावशी असावी. तसाच लाकडी गोल आणि तशीच मूठ, फक्त ताणलेल्या दोऱ्यांच्या जागी सैल झोळी लोंबते. मित्रांनो, मी रॅकेट नाही. मी ट्राउट मासे पाण्यातून उचलण्याची जुनी जाळी आहे. काश्मीरमधल्या आरनाग नदीवर, सुबहान राथर नावाच्या वाटाड्याच्या पाठीवर लटकून माझे आयुष्य गेले.

माझा जन्म क्रिकेटच्या बॅटी बनवणाऱ्या गावात झाला. बॅटी कापून उरलेल्या विलोच्या पट्ट्या एका म्हाताऱ्या सुताराने वाफेवर मऊ केल्या आणि गुडघ्यावर दाबून वाकवल्या. झोळी विणली सुबहानची बायको राहत हिने. गालिच्याच्या मागाला जे मऊ सूत लावतात, तेच तिने वापरले. प्रत्येक गाठ मारली की ती स्वतःच्या गालावरून फिरवून पाही. सुबहान हसून म्हणे, "अगं, मासे धरायचे आहेत, बाळाचा लंगोट शिवत नाहीयेस."

"माशालाही अंग असतं," राहत म्हणे आणि बोचणारी गाठ सोडून पुन्हा मारी.

बर्फ वितळून पाणी निवळले की आमचा हंगाम सुरू होई. दूरदूरचे लोक परवाना घेऊन येत. लांब लवचीक काठी, तिला दोरी आणि दोरीच्या टोकाला गळावर बांधलेली पिसांची खोटी माशी. ती माशी पाण्यावर अशी अलगद पडली पाहिजे की माशाने खरीच समजून झेप घ्यावी. मासा दमून जवळ आला की सुबहान मला पाण्याखाली धरी. मासा माझ्या झोळीत येई, पाहुणा त्याला डोळे भरून पाही आणि सुबहान गळ काढून त्याला सोडून देई. मासा हातात घेण्याआधी पाहुण्याने हात ओले करायचे, हा त्याचा कडक नियम होता. कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा आजारी पडतो. हे न ऐकणाऱ्या एका बड्या पाहुण्याला त्याने भर नदीतून काठावर पाठवले होते.

त्यामुळे माझ्या झोळीत मेलेला मासा मी कधी पाहिला नव्हता. माझ्याकडे येणारे सगळे घटकाभराचे पाहुणे. शेपटी आपटत यायचे आणि शेपटी हलवत जायचे.

मी सांगते आहे तो हंगाम मोठ्या आनंदात सुरू झाला होता. सुबहानची मुलगी मुबीना हिचे लग्न ठरले होते. मुलगा वरच्या गावचा, सज्जाद त्याचे नाव. तो सुमो गाडी चालवत असे. हसरा आणि बोलघेवडा मुलगा. राहतला तो फार आवडे. मुबीना गालिच्याच्या मागावर बसून नक्षीचे धागे मोजत असे, पण दारात गाडीचा आवाज आला की तिचा हिशेब चुके आणि आई मुद्दाम विचारी, "किती झाले गं?"

त्या उन्हाळ्यात इंगरबाईही आल्या. त्या डेन्मार्कच्या. पांढऱ्या केसांच्या, ताडासारख्या उंच, आणि बोलायला तिखट. त्या दर वर्षी येत आणि सुबहानच्याच घरी उतरत.

"मॅडम, माशी पाण्यावर ठेवायची असते. दगडासारखी भिरकवायची नसते," सुबहान म्हणे.

"मी तरुणपणापासून अशीच टाकते."

"आणि मासे तेव्हापासून हसतायत."

"हसू देत. हसताना तोंड उघडतात, तेव्हाच पकडीन," बाई म्हणत, आणि दोघे मनमुराद हसत.

आषाढातल्या एका सकाळी आम्ही तिघे खालच्या डोहावर गेलो. ऊन नुकतेच पाण्यावर आले होते. या वेळी मासे वर येऊन किडे टिपतात आणि पाण्यावर वर्तुळेच वर्तुळे उठतात. त्या दिवशी एकही वर्तुळ नव्हते. इंगरबाईंनी माशी टाकली. ती वाहत गेली आणि कोणीच तिच्याकडे पाहिले नाही.

"आज तुझे मासे रोजा धरून बसलेत का?" बाईंनी विचारले.

 सुबहान नाक वर करून वास घेत होता. दवाखान्याची फरशी धुतल्यावर येतो तसा वास होता तो. मग मला दिसले, वरच्या वळणावरून पाणी पांढरट होऊन येत होते. दूध सांडल्यासारखे. त्या पांढऱ्यात काहीतरी चमकत होते. सुबहानला वाटले, झाडाची पाने असतील.

ती पाने नव्हती. ती बोटाएवढी पिल्ले होती. उताणी झालेली, शेकड्यांनी.

मित्रांनो, मी लाकडाची आहे. लाकडाला दचकता येत नाही असा माझा समज होता. पण सुबहानने मला पाठीवरून काढले आणि इतके आवळले की माझे लाकूड करकरले. त्याने पहिला मोठा मासा उचलला. मेला होता. दुसरा उचलला. तोही. तिसऱ्याचे तोंड अजून उघडझाप करत होते. डोळ्यांवर साय आल्यासारखी झाली होती. ज्या झोळीतून आजवर फक्त जिवंत मासे परत गेले, तिच्यात तो मासा गप्प पडून राहिला. त्याने शेपटीसुद्धा हलवली नाही. त्याचे वजन मला आजही आठवते. जिवंत माशापेक्षा मेलेला मासा जड लागतो.

"ब्लीचिंग पावडर!" सुबहान ओरडला. "मासे मारायला वरती कुणीतरी पावडर टाकलीये! मॅडम, पाण्याबाहेर व्हा!"

इंगरबाई बाहेर झाल्या नाहीत. त्यांनी विचारले, "स्वच्छ पाणी कुठे आहे?"

त्या प्रश्नाने सुबहान भानावर आला. डोहाच्या कडेला खडकातून एक झरा निघतो. त्याचे पाणी एका खोलगट जागेत साठून मग नदीला मिळते. पांढरे पाणी तिथे अजून पोहोचले नव्हते. ते पाणी नदीला मिळते तिथे सुबहानने भराभर दगड आणि गवताची ढेकळे रचून बांध घातला. झऱ्याचे पाणी दगडांच्या फटींतून बाहेर जाई, पण नदीचे पाणी आत येत नव्हते. मग आमची धावपळ सुरू झाली. नदीतून धडपडणारा मासा उचलायचा, पळत जाऊन झऱ्यात सोडायचा, पुन्हा नदीत उतरायचे. इंगरबाईंनी डोक्यावरची मोठी टोपी काढली आणि तिच्यात मासे भरून नेऊ लागल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. वासामुळे असेल, नसेलही.

धुणे धुवायला आलेल्या बायकांनी हाक दिली आणि गाव धावत आले. राहत तांब्याचे पातेले घेऊन आली. मुबीना बादली घेऊन आली. पलीकडच्या काठावर कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होते, "गुरं सोडू नका रे! पाणी पाजू नका!" एक म्हातारी आपल्या रिकाम्या घागरीकडे बघत काठावर नुसती उभी होती. आता घरी न्यायला पाणी कुठले आणायचे, हे तिला कळत नव्हते.

त्या पावडरने माझे सूतही खाल्ले. राहतच्या गाठी एकेक सुटू लागल्या आणि माझ्या तळाला हाताएवढे भोक पडले. एक मासा त्यातून निसटून पांढऱ्या पाण्यात परत पडला. सुबहानने भोकाखाली तळहात धरला आणि तसाच मला वापरत राहिला. ऊन डोक्यावर आले तेव्हा उचलण्यासारखे काही उरले नव्हते. झऱ्यात मोजके मासे वाचले होते. बाकी नदी, दृष्टी पोहोचेल तिथवर, पोट वर करून पडली होती.

दुपारी सगळे घरी आले. मला खिळ्याला टांगले. राहतने निखाऱ्यावरच्या तांब्याच्या समोवारातून मिठाचा चहा ओतला, पण कुणी प्यालेला मी पाहिला नाही. तेवढ्यात दारात सुमो थांबली. सज्जाद आत आला. इस्त्रीचा शर्ट, हातात विलोच्या पानांनी झाकलेली टोपली. तो डोंगरातल्या सडकेने आला होता. खाली नदीवर काय झाले हे त्याला ठाऊकच नव्हते.

"काका, उस्तादाच्या घरी मासे आणणं म्हणजे शिंप्याला सुई भेट देण्यासारखं," तो हसत म्हणाला, "पण आमच्या आईने सांगितलं, लग्नाआधी सासरी काहीतरी चांगलं पाठव. म्हटलं, ट्राउटच नेऊ."

सुबहानने पाने बाजूला केली. एक मासा उचलला आणि त्याच्या गालावरचे झाकण बोटाने वर केले. ताज्या ट्राउटचे कल्ले डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल असतात. हे पांढरे होते. उकडल्यासारखे.

"कशाने धरलेस?"

"गळाने, काका."

"गळ कुठे लागला, दाखव."

सज्जादने मासा हातात घेतला. त्याचे तोंड उघडले आणि आत पाहिले. मग दुसरा घेतला. तिसरा. एकाच्याही तोंडात गळाची खूण नव्हती. राहत आधी नवऱ्याकडे, मग टोपलीकडे बघत राहिली आणि तिने तोंडावर ओढणी दाबली. तिला समजले होते. इंगरबाईंना काश्मिरीतला एक शब्द कळला नव्हता, तरी त्यांनाही समजले होते.

"मला एक टोपली हवी होती फक्त," सज्जाद शेवटी पुटपुटला. "सगळे करतात काका. थोडीशीच टाकली. पाणी तर वाहून जातं ना."

"वाहून जातं," सुबहान म्हणाला. "चल, कुठे जातं ते दाखवतो."

सुबहानने मलाही बरोबर घेतले. त्याने सज्जादला नदीकाठाने चालवत नेले, डोहापर्यंत आणि डोहाच्या खालीही. एका जागी गावच्या बायका मेलेली पिल्ले टोपल्यांत भरून पुरायला नेत होत्या. पाणकावळे काठावर उतरले होते, आणि माणसे दगड मारून त्यांना हाकलत होती, ते मासे खाऊन तेही मरतील म्हणून. सज्जादने वाकून एक मेलेले पिल्लू उचलले.

"देवाशपथ, मला माहीत नव्हतं. काका, मला माहीत नव्हतं."

सुबहानने त्याला मारले नाही, शिवी दिली नाही. तो एवढेच म्हणाला, "मत्स्य खात्याच्या कचेरीत मी सांगणार नाही. तू सांगणार. आपल्या पायांनी जाऊन."

मागून मुबीना आली होती. तिच्या हातात तीच टोपली होती. तिने ती सज्जादच्या पायाशी ठेवली.

"अम्मी म्हणत होती, पोराकडून चूक झाली, पदरात घे," ती म्हणाली.  "पण तू आत्ता अब्बांच्या डोळ्यांत बघून 'गळाने' म्हणालास. मासे तर मेलेच होते. खोटं कशाला बोललास?"

 सज्जाद त्याच दिवशी कचेरीत गेला आणि सारे सांगून आला. खटला लगेच झाला, थोड्या दिवसांची कैद झाली. लग्न मोडले. त्याचे चुलते तावातावाने आमच्या अंगणात आले. "माशांसाठी मुलीचं घर मोडलंस, सुबहान! मासे काय तुझे सोयरे लागतात?" सुबहान उत्तर देण्याआधीच मुबीना म्हणाली, "मी मोडलं, चाचा. अब्बांना बोलू नका." आणि ती आत जाऊन मागावर बसली. त्या दिवशी तिने चुकीच्या रंगाचे इतके धागे विणले की राहतला संध्याकाळपर्यंत ते उसवत बसावे लागले.

उरलेला हंगाम आलाच नाही. नदी मासेमारीला बंद झाली. इंगरबाई मायदेशी गेल्या. जाताना त्यांनी मला खिळ्यावरून काढले, माझ्या फाटक्या तळावरून हात फिरवला आणि पुन्हा टांगले. सुबहान सफरचंदांच्या बागेत पेट्या भरायला जाऊ लागला. पण रोज कामावर जाण्याआधी तो नदीत उतरून एक दगड उलटा करून पाही. दगडाखालच्या अळ्या मासे खातात. अळ्या नाहीत, तर माशांना सोडून उपयोग नाही. किती तरी दिवस दगड स्वच्छ निघत. धुऊन ठेवलेल्या ताटासारखे. तो मुकाट्याने दगड होता तसा ठेवून देई.

चिनारची पाने लाल झाली तेव्हा एका सकाळी दगडाखाली काहीतरी वळवळले. सुबहान कामावर गेलाच नाही. त्याने मला पाठीवर घेतले, राहत आणि मुबीनाला बोलावले आणि आम्ही झऱ्यावर गेलो. तिथे सज्जाद आधीच उभा होता. शिक्षा भोगून आल्यापासून तो झऱ्यातले शेवाळ काढायला येत असे, हे सुबहानला माहीत होते. तो कधी जवळ आला नव्हता आणि सुबहानने कधी हाकलले नव्हते. आज सुबहान बांधाच्या एका टोकाला वाकला आणि दुसऱ्या टोकाकडे न बघता म्हणाला, "तिकडचे दगड काढ." सज्जाद पाण्यात उतरला. मुबीनाने मान वळवली, पण ती तिथून गेली नाही.

बांध फुटला. झऱ्याचे पाणी मोकळेपणाने नदीत शिरले. मासे मात्र आतच घोटाळत राहिले. झरा नदीला मिळतो त्या तोंडापर्यंत यायचे आणि गर्रकन मागे फिरायचे. सुबहानने मला पाण्यात धरले, मग विचार बदलला आणि मला काठावर ठेवले. "ढकलायचं नाही," तो म्हणाला. "त्यांना वाटेल तेव्हा जातील." सगळे वाट बघत बसले. ऊन चढले. मग एक तांबूस ठिपक्यांचा मासा तोंडाशी आला, थबकला आणि शेपटीच्या एका झटक्यात नदीत दिसेनासा झाला. त्याच्या मागून दुसरा. राहत रडू लागली.

मित्रांनो, मी काही पंडित नाही. मी एक फाटकी जाळी आहे आणि आता माझ्यात मासा टिकत नाही. मी उपदेश केला तर तुम्ही हसाल. म्हणून एवढेच मागते. तुमच्या गावातही नदी असेल, ओढा असेल, निदान एखादी गटार असेल. तिच्यात काही टाकावेसे वाटले, तर टाकण्याआधी तिच्या काठाने खाली चालत जा. थोडेसेच जा. फार लांब जावे लागणार नाही. पहिल्याच वळणावर कोणी ना कोणी पाणी पिताना दिसेल.