पप्पांच्या विमानतळावर विमानं किती?

"पप्पा, तुम्ही बांधलेल्या विमानतळावर आजपर्यंत विमानं उतरली तरी किती?"

प्रश्न माझा नव्हता. माझ्या वर्गातल्या हेमांगी आणि बेटीचा होता. आंतरशालेय वक्तृत्वाची ढाल मी आणली तेव्हापासून दोघी माझ्यावर टपूनच होत्या. मधल्या सुट्टीत डबा खाताना हेमांगी म्हणाली, "स्टेजवर काय, कुणीही बोलेल. तुझ्या पप्पांना एक खरा प्रश्न विचारून दाखव, त्या विमानतळावर विमानं उतरली तरी किती! सारखं काय ते, जेवलात का, बरे आहात का!"

"नाही गं विचारणार ही," बेटी बोटं चाटत म्हणाली. "टरकते हिची."

माझी टरकते? म्हटलं, रविवारी बघाच.

माझे पप्पा इलेक्ट्रिशियन. तीन वर्षांपासून आफ्रिकेत आहेत. तिथल्या गावाचं नाव आईला अजून नीट उच्चारता येत नाही, म्हणून ती नुसतं 'तिकडे' म्हणते. तिकडे नवा विमानतळ बांधायचा होता आणि त्यासाठी कर्ज दिलं होतं तिसऱ्याच एका देशाच्या सरकारी बँकेने. धावपट्टीच्या कडेचे दिवे बसवायचं काम पप्पांकडे. या तीन वर्षांत ते एकदाच घरी आले, गणपतीला. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी सँडल पाठवल्या, इतक्या सुंदर, निळ्या पट्ट्यांच्या! टाच बाहेरच राहिली. माझा पाय त्यांच्या आठवणीत अजून सातवीतच आहे आणि मी दहावीत. फोनवर मात्र मी म्हटलं, "पप्पा, एकदम परफेक्ट!"

कारण रविवारच्या फोनची आमच्या घरात एक रीतच आहे. दुपारी जेवणं झाली की फोन वाजतो, आई स्पीकरचं बटण दाबते, आणि मग तिकडे सगळं मस्त असतं, इकडेही सगळं मस्त असतं. चंदनसारला आमच्या बिल्डिंगमध्ये आठवडाभर टँकर आला नसला तरी आई म्हणते, "पाणी? भरपूर!" मी तापाने फणफणत आत पडलेली असले तरी मी क्लासला गेलेली असते. एवढ्या लांबच्या माणसाला कशाला घोर लावायचा? फोन ठेवल्यावर आई थोडा वेळ तिथेच बसते. मग उठून भांडी घासायला घेते, घासलेलीसुद्धा.

तर त्या रविवारी मी विचारलं. आईने डोळे वटारले.

"एक," पप्पा म्हणाले.

"एक काय?"

"एकच विमान उतरलं. उद्घाटनाचं. मंत्री आले होते त्यातून."

"अहो, पण रोज दोन येतात म्हणालात ना?" आईचा आवाज चिरकला.

"म्हणालो खरं."

"मग वर्षभर करताय काय तिकडे?"

"दिवे लावतो," पप्पा म्हणाले. "कर्जाच्या करारात अट आहे. काम झाल्यावर एक वर्ष कंपनीने सगळं चालू ठेवायचं. म्हणून रोज संध्याकाळी मी धावपट्टीचे दिवे लावतो, सगळे पेटले का ते चालत जाऊन बघतो, आणि बंद करतो. बाहेर तारेच्या कुंपणाला गावातली पोरं येऊन चिकटतात. दिवे लागले की टाळ्या वाजवतात." ते हसले. मग म्हणाले, "तेव्हा तुमची फार आठवण येते."

पप्पांनी असं कधी म्हटलंच नव्हतं. पण सुरुवात मीच केली होती, आता थांबणार कशी?

"पण पप्पा, विमानंच येणार नव्हती तर बांधला कशाला?"

"कर्ज विमानतळासाठीच मिळत होतं, बाळा. इथल्या लोकांना बाजारापर्यंत रस्ता हवा होता. पण बँकेच्या अटीप्रमाणे काम तिच्याच देशातल्या कंपनीला, सिमेंट तिथलं, दिवेही तिथले. म्हणजे कंपनीचं काम झालं, बँकेचं व्याज सुरू झालं."

"आणि फेडणार कोण?"

"इथलेच. ती टाळ्या वाजवणारी पोरं मोठी झाली की."

आई पदराने तोंड पुसत होती. एकदम म्हणाली, "ऐका, इथे पाणी नाही. आठ-आठ दिवस टँकर येत नाही. आणि माझा गुडघा गेलाय. जिना चढवत नाही."

"काय सांगतेस, मनोरमा! कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि मला सँडल होत नाहीत!" मी ओरडले. काय करू, तोंडातून निघून गेलं. तिघंही हसलो. आई रडत रडत हसली.

मग पप्पा हळूच म्हणाले, "मलाही एक सांगायचंय. कंपनीला दुसरं काम मिळालंय. शेजारच्या देशात, असाच विमानतळ, याच बँकेचं कर्ज. तीन वर्षं. मंगळवारपर्यंत सही करायची आहे."

मी विचारलं, "करणार?"

"करावी लागेल ना. तुला इंजिनीअर व्हायचंय. प्रायव्हेट कॉलेजात घालायचं तर..."

"बरोबर आहे," आई म्हणाली. आवाज पुन्हा रविवारचा झाला होता. "तुम्ही आमची काळजी करू नका. आमचं मस्त चाललंय."

मला कळलं, आता 'हो पप्पा' म्हटलं की तीन वर्षं गेली. तोवर मी अठरा पार केलेली असेन. मी उठून फोनसमोर उभी राहिले. ढालीचं भाषण याहून सोपं होतं.

"आई, पप्पा, दोघांनी ऐका. मी इंजिनीअर होणार नाही. मला कधी व्हायचंच नव्हतं. ते ऐकून तुम्ही तिकडे खूश व्हाल असं वाटायचं, म्हणून म्हणायचे मी."

"अगं, पण एवढे चांगले मार्क..." आई म्हणाली.

"त्या मार्कांवर मी कॉमर्स घेणार. इथेच, वसईच्या कॉलेजात. पुढे इकॉनॉमिक्स करणार. रस्ता हवा असलेल्या गावाला विमानतळ द्यायचा, हे त्या बँकेत बसून कोण ठरवतं ते मला शिकायचंय. त्याला प्रायव्हेट कॉलेज लागत नाही. मी ठरवलंय. पप्पा, तुम्ही सही करायची नाही. घरी यायचं."