शुद्ध केलेला मृदंग

१९८३ सालचा एक रविवार. वाशीच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर दुर्गाबाईंच्या घरी, सकाळी दहाला भजन होतं. त्यांची सून नंदिनी पाहुण्यांना पाणी देत होती, पण चार वर्षांची चारू जिन्याच्या कठड्याशी जाईल या धास्तीने तिचा डोळा सारखा दाराकडे. त्यामुळे सगुणा आलेली तिलाच आधी दिसली.

सगुणा तुर्भ्याच्या झोपड्यांतली विधवा. नवऱ्यामागे वाद्यांना चामडं मढवून पोट भरणारी. भजनी मंडळाच्या मृदंगाच्या दोन्ही तोंडांना चामड्याच्या नव्या पुड्या घालून तिने तो डोक्यावरून आणला होता.

"उंबऱ्याबाहेर ठेव गं," दुर्गाबाई म्हणाल्या. "नंदिनी, तांब्या आण."

नंदिनी बी. ए. झालेली. अस्पृश्यतेवरच्या निबंधाला कॉलेजात बक्षीस मिळवलेली. तिने तांब्या आणला. पाहुणे बसलेत, वाद नको, पोरगी घाबरेल.

दुर्गाबाईंनी तुळशीच्या पानाने पाणी शिंपडलं. समाधान होईना, तेव्हा ओंजळीने. दोन्ही पुड्यांवर.

"अवं आई, चामडं हाय ते!" सगुणा ओरडली.

"मग शुद्ध नको करायला?"

मृदंग आत गेला. मंडळाचे चिटणीस जयप्रकाशराव बोलायला उभे राहिले. "मृत् म्हणजे माती, अंग म्हणजे देह. पूर्वी याचं खोड मातीचं असे, म्हणून मृदंग. पुढे लाकूड आलं, नाव मातीचंच राहिलं. मंडळी, आपलेही देह मातीचेच. मातीला कसली आलीय जात?"

टाळ्या पडल्या. सगुणा जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होती.

पहिली थाप पडली ती ओल्या पोत्यावर पडावी तशी. दुसरीही.

"काय बाई काम केलंय!" दुर्गाबाई दारात आल्या. "ए, बघ काय बिघडलंय. तिथंच पायरीवर कर."

सगुणा उठली. "पायरीवर न्हाई. आत बैठकीवर बसून करीन, समद्यांच्या म्होरं. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

"जास्त बोलायचं काम नाही!"

"सगुणाबाई, या ना आत," नंदिनीच्या तोंडून शेवटी निघालं.

"आता म्हंतासा व्हय? तांब्या तुमीच आनून दिलासा की." आणि ती जिना उतरू लागली.

"जाऊ द्या, टाळांवर भागवू. टेन्शन नको," आतून जयप्रकाशराव म्हणाले.

चारूने आईचा पदर ओढला. "ती बाई चुकली का गं?"

"नाही. मी चुकले."

नंदिनीने आत जाऊन मृदंग उचलला, पोरीला पदर घट्ट धरायला सांगितलं आणि सासूबाईंच्या हाका मागे टाकून खाली आली. पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर, उन्हात, तिने तो ठेवला.

"सगुणाबाई, कसा वाळवायचा ते सांगा. हात मी लावते."

सगुणा फाटकाशी थांबली. ती परत फिरली की नाही, ते नंतर. तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्या बघ्यांनी भरल्या होत्या आणि त्यांतलं एकही माणूस खाली आलं नाही, हे आधी लिहायला हवं.