आजोबा सगळ्याला छान म्हणतात

आजी गेल्यापासून आजोबा सगळ्याला छान म्हणू लागले, आणि घरातले सगळे काळजीत पडले.

कारण हा माणूस जन्मात कशाला छान म्हणाला नव्हता. सगळी नोकरी बटणांच्या कारखान्यात, तपासनीस म्हणून. पट्ट्यावरून सरकत येणाऱ्या ढीगभर बटणांतून वाकड्या भोकाचं एक नेमकं टिपायचं आणि बाजूच्या खोक्यात भिरकावायचं, हे काम. घरी आल्यावर तीच नजर ताटाकडे वळायची. आजी हौसेने केळ्याचा केक करायची. हे पहिला घास घेऊन म्हणायचे, "केक आहे की उशी?" आजीही काही कमी नव्हती. "उशी असेल तर डोकं टेका आणि गप्प झोपा," असं ऐकवून ती दुसरा तुकडा त्यांच्या ताटलीत घालायची, आणि हे तोही खायचे. असा रोजचा फड रंगायचा.

आता चहा गार झाला तरी छान. भाजी करपली तरी छान. परक्याकडे जेवायला बसावं तसे ते स्वतःच्याच घरात बसत. आई आधी म्हणाली, "चला, सुधारले एकदाचे!" पण भांडी पुसता पुसता तिच्याच डोळ्यांत पाणी आलं.

नातीने मनाशी पक्कं केलं, आजोबांना पुन्हा एकदा तरी नावं ठेवायला लावायचंच. ती दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा द्यायची, त्यामुळे तोंड न उघडणारी माणसं तिला काही नवीन नव्हती. सुट्टीच्या दिवशी तिने आजीचा ओव्हन घासूनपुसून काढला. काळी पडलेली केळी आजीसारखीच काट्याने चेचली, लोणी आणि साखर हात भरून येईपर्यंत फेटली, आणि केक झाला का ते बघायला आजीचीच विणकामाची सुई खुपसली. सुई कोरडी निघाली. तिने तुकडा आजोबांपुढे ठेवला आणि श्वास रोखून उभी राहिली.

"छान झालाय," आजोबा म्हणाले.

मग तिने मुद्दामच बिघडवायला घेतलं. एका रविवारी कडा करपू दिल्या. छान. पुढच्या रविवारी साखरच घातली नाही. छान. शेवटी साखरेच्या जागी मीठ घातलं. बाबांनी एक घास घेतला आणि ते नळाकडे धावले. आजोबांनी मात्र तुकडा निमूटपणे संपवला, ओठ पुसले आणि म्हणाले, "छान. कष्ट घेतेस हो पोरी."

तेव्हा नातीचं डोकं फिरलं. "छान काय छान! बसल्या जागी छान म्हणायला काय जातं तुमचं? हिंमत असेल तर उठा आणि स्वतः करून दाखवा!"

आईने डोळे वटारले. नातीने जीभ चावली, पण शब्द तर तोंडातून निघून गेला होता. आजोबा उठले. मग त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

"कुठंय ते पातेलं?"

आजोबांनी आजवर कधी साधं पाणी उकळलं नव्हतं. त्यांनी आधी केळी तपासली आणि निम्मी नापास केली. एक अंडं पातेल्यात गेलं, एक पायावर. मैदा चाळताना भुवया पांढऱ्या झाल्या. कुणी मदतीला सरसावलं की, "मला शिकवू नका!" ओव्हनचं बटण त्यांनी पार शेवटाला नेऊन ठेवलं, म्हणजे लवकर होईल म्हणून.

केक बाहेर आला तो वरून कोळसा आणि आतून दगड. सगळे टेबलाभोवती बसले. आजोबांच्या कपाळावरचा घाम बघून नातीला नावं ठेववेनात.

"छान झालाय," आई म्हणाली.

"खरंच छान," बाबा म्हणाले.

"छान आहे, आजोबा," नात म्हणाली.

आजोबांनी घास घेतला. चावायचे थांबले. मग त्यांनी ताटली आपटली. "छान? जिभा आहेत की चामडी? अरे, ही वीट आहे वीट! आणि माझ्या तोंडावर छान म्हणता? मी काय परका आहे?"

"मग तुम्ही आम्हाला काय समजत होतात इतके दिवस?" नात उसळली. "मी मीठ घातलं होतं त्यात!"

"कळलं होतं मला! जिभेची सालटी निघाली!"

"मग बोलला का नाहीत?"

आजोबा मऊ पडले. "कुणाला बोलू? तुम्ही सगळे मनाला लावून घेता. तिने कधी लावून घेतलं नाही. ती भांडायची." त्यांनी ताटली दूर सारली. "माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही गं."

त्यांना घट्ट मिठी मारावी, असं नातीला फार वाटलं. पण मिठ्या मारणारे घरात पुष्कळ होते. तिने नाक पुसलं आणि कमरेवर हात ठेवले.

"ओव्हन एवढा भडकवल्यावर वीट नाही तर काय होणार? आणि ओट्यावरचा तो मैदा कोण पुसणार?"

आजोबांनी मान वर केली. "ओव्हनच बिघडलाय तुमचा."

"वा! नाचता येईना, अंगण वाकडं!"

"वाकडंच आहे अंगण! आणि तू तर बोलूच नकोस. तुझ्या त्या पहिल्या केकात केळी कमी होती."

त्या केकाचा नातीला भारी अभिमान होता. तिला खराखुरा राग आला. खर्रकन खुर्ची ओढून ती त्यांच्या समोर बसली.

"कमी? सिद्ध करा!"

आजोबांनी हातावर हात चोळले आणि आपली खुर्ची पुढे सरकवली.